अबुकीरला दिलेले स्पार्क प्लग: जेआरडी टाटा आणि मध्येच दम टाकणारं इंजिन

आजच्या गाडीत स्टिअरिंगच्या खाली एक छोटं सॉकेट असतं, ओबीडी नावाचं. त्यात स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर खोचायचा, फोनवर अ‍ॅप उघडायचं, आणि गाडी स्वतःच सांगते की काय दुखतंय. पी०३०२ असा कोड आला तर दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. झालं काम.

जुन्या गाडीला असं सॉकेट नसतं. साठ वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स कार मध्येच दम टाकायला लागली, पिकअप जायला लागला, की फोन खिशात ठेवून डोकं चालवावं लागतं. आणि शंभर वर्षांपूर्वीच्या विमानात? तिथे तर इंजिन एकच, खाली वाळवंट किंवा समुद्र, रेडिओ नाही आणि बॉनेट उघडून बघायला रस्त्याची कडही नाही.

जेआरडी टाटांना आपण उद्योगपती म्हणून ओळखतो. शाळेच्या पुस्तकात तेवढंच असतं. पण मला त्यांचं आयुष्य बघायला आवडतं ते इंजिनाच्या बाजूने. हा माणूस पन्नासहून जास्त वर्षं एका इंजिनाच्या आवाजावर जीव टाकून उडत होता.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. वडील रतनजी दादाभॉय टाटा, आई सुझान फ्रेंच. लहानपण बरंचसं फ्रान्समध्ये गेलं. उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर हार्देलो नावाचं गाव आहे, तिथे सुट्टीत त्यांचं कुटुंब जायचं, आणि तिथेच शेजारी लुई ब्लेरिओचं घर होतं. ब्लेरिओ म्हणजे १९०९ मध्ये इंग्लिश खाडी विमानाने पहिल्यांदा ओलांडणारा माणूस. त्याच्या विमानाला तीन सिलिंडरचं, जेमतेम पंचवीस अश्वशक्तीचं अँझानी इंजिन होतं. हवेवर थंड होणारं, आणि तापून ताकद सोडण्याबद्दल बदनाम. त्या किनाऱ्यावर विमानं उतरताना बघत जेआरडी मोठे झाले. पंधराव्या वर्षी तिथेच ते पहिल्यांदा विमानात बसले, थोड्या वेळाच्या फेरीसाठी. तेव्हापासून डोक्यात उडणं बसलं ते निघालंच नाही.

मधली वर्षं पटकन सांगतो. फ्रेंच नागरिक असल्यामुळे फ्रेंच सैन्यात घोडदळात एक वर्ष नोकरी झाली. केंब्रिजला जाऊन इंजिनिअरिंग शिकायचं होतं, पण वडिलांनी भारतात बोलावून घेतलं. १९२५ च्या शेवटी ते टाटा कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून लागले. पुढच्याच वर्षी वडील वारले. बाविसाव्या वर्षी घरची जबाबदारी आणि टाटा सन्सच्या संचालकपदाची खुर्ची, दोन्ही एकदम अंगावर. इंजिनिअरिंगची डिग्री राहूनच गेली. डिग्री असलेला मी हे लिहितोय आणि मला कबूल आहे की इंजिनाचा कान त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त होता.

त्या काळात त्यांच्याकडे एक बुगाटी होती. मुंबईच्या रस्त्यांवर ती फार वेगात चालवल्याचा आरोप त्यांच्यावर आला, म्हणून त्यांनी जॅक विकाजी नावाचे वकील गाठले. त्या वकिलांची पुतणी म्हणजे थेल्मा. १५ डिसेंबर १९३० ला दोघांचं लग्न झालं. ओव्हरस्पीडिंगचं चलन एवढ्या चांगल्या ठिकाणी क्वचितच पोचतं.

बुगाटीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण पुढच्या गोष्टीचं मूळ तिथे आहे. विसाच्या दशकातली स्पोर्ट्स कार म्हणजे हलकं अंग, जास्त फेऱ्यांवर पळणारं इंजिन, आणि स्पार्क प्लगचे नखरे. प्लगला एक तापमान सांभाळावं लागतं. तो फार थंड राहिला तर तेलाची आणि पेट्रोलची काजळी त्याच्या टोकावर जमते, वीज त्या काजळीतून गळून जाते आणि ठिणगी पडत नाही. फार गरम झाला तर टोक निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगीची वेळ व्हायच्या आधीच पेट्रोल पेटतं. म्हणून रेसवाले इंजिन गरम करायला एक प्रकारचे प्लग लावायचे आणि शर्यतीआधी ते काढून दुसरे. बाजारपेठेतून रांगत जाणारी आणि मोकळ्या रस्त्यावर सुसाट पळणारी गाडी एकच असेल, तर एकच प्लग दोन्हीकडे खूश राहत नाही.

आणि मोकळा रस्ता म्हणजे कुठला? मुंबईहून पुण्याला मोटार न्यायची तर पनवेल, खालापूर, खोपोली आणि मग बोरघाट. एक्सप्रेसवे फार पुढचा. हा सगळा माझा भाग. आमच्याकडे टाटा हे नाव गाड्यांच्या आधी पोचलं होतं, विजेच्या रूपाने. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून पाइपांतून खाली आणून खोपोलीला १९१५ पासून वीज तयार होते. कर्जत तालुक्यात भिवपुरीचं वीजघर १९२२ चं. जेआरडी उमेदवार म्हणून लागले तेव्हा मुंबईच्या गिरण्या या आमच्या विजेवर फिरत होत्या. गंमत म्हणजे खोपोलीच्या वीजघराला पाणी खाली यायला जेवढी उंची कामाला येते, तेवढीच उंची गाडीच्या इंजिनाला वर चढताना नडते.

घाट हा जुन्या इंजिनाचा डॉक्टर आहे, हे आमच्याकडचा कुठलाही मिस्त्री सांगेल. माझ्या मामाचं जुन्या हायवेवर छोटं गॅरेज आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात एक गृहस्थ साठच्या दशकातली दोन सीटांची ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेऊन आले. गाडी सुंदर, नव्याने रंगवलेली. तक्रार अशी की मुंबईपासून खोपोलीपर्यंत काही त्रास नाही, पण घाट सुरू झाला की शिंग्रोबाच्या देवळाच्या आसपास इंजिन खाकरतं, ओढत नाही, आणि बंद पडतं. पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू, जणू काही झालंच नव्हतं. शहरातल्या एका गॅरेजने कॉइल बदलली होती, पॉइंट बदलले होते, प्लगही नवे टाकले होते. फरक शून्य.

मला सवयीने वाटलं, गरम होऊन कंडेन्सर दगा देत असेल. मामा म्हणाले, अंदाज नको, चल बसू. आम्ही गाडी घेऊन घाट चढलो आणि ती बंद पडायची वाट बघितली. पडली. पडल्या क्षणी मामांनी दोन गोष्टी बघितल्या. एक, प्लगची वायर काढून ठिणगी: निळी, कडक, ठणठणीत. दोन, कार्बोरेटरची वाटी: कोरडी. म्हणजे वीज आहे, पेट्रोल नाही. मग ते मागे गेले आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल केलं. फुस्स करून हवा आत गेली.

झाकणाला हवा आत यायला बारीक भोक असतं. गाडी रंगवताना ते बुजलं होतं. टाकीतून पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर आत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. सपाट रस्त्यावर पेट्रोल कमी लागतं, झाकणाच्या कडेने झिरपणारी हवा पुरते. घाटात खप वाढला की पुरत नाही. थांबलं की हळूहळू हवा आत झिरपते आणि पंधरा मिनिटांत सगळं ठीक. म्हणून थंड होऊन गाडी सुधारते असं वाटत होतं, पण उष्णतेचा काही संबंधच नव्हता. नवीन कॉइल बिचारी उगाच बदलली गेली.

सॉफ्टवेअरमध्ये मला असेच बग सगळ्यात जास्त छळतात, कधी येणारे कधी न येणारे. मामांची पद्धत तीच आहे जी आम्ही वापरतो: दोष घडवून आणायचा, आणि तो घडत असतानाच बघायचं. दोष निघून गेल्यावर बॉनेट उघडून काही मिळत नाही.

आता १९२९ कडे जाऊ. मुंबई फ्लाइंग क्लबमध्ये जेआरडींनी शिकायला सुरुवात केली आणि साडेतीन तासांच्या शिकवणीनंतर एकट्याने विमान उडवलं. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना भारतात दिलेला पहिला पायलटचा परवाना मिळाला. परवान्यावर क्रमांक एक.

त्याच सुमारास आगाखानांनी बक्षीस जाहीर केलं: इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड, एकट्याने, एका महिन्याच्या आत उडत जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड. तिघं उतरले. मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि जेआरडी. अस्पी तेव्हा सतरा वर्षांचे होते. म्हणजे आज ज्या वयात आपल्याकडे बारावीचा फॉर्म भरतात त्या वयात हा मुलगा लंडनहून कराचीकडे एकटा उडत निघाला होता. जेआरडी १९३० च्या मे महिन्यात उलट्या दिशेने, कराचीहून निघाले.

विमान जिप्सी मॉथ. उघडं कॉकपिट, दोन मजली पंख, चार सिलिंडरचं हवेवर थंड होणारं जिप्सी इंजिन, साधारण शंभर अश्वशक्ती. आजच्या मध्यम कारइतकी ताकद. पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मधोमध, म्हणजे पेट्रोल आपल्या वजनानेच खाली इंजिनाकडे येतं. पंपाची भानगड नाही, एक दोष कमी. आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, एकूण आठ. प्रत्येक जोडीतला एक प्लग एका मॅग्नेटोवर, दुसरा दुसऱ्यावर. मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय, इंजिनाच्याच फिरण्यावर वीज तयार करून प्लगला देणारं यंत्र.

दोन-दोन प्लग असल्यामुळे एक मेला तरी दुसरा काम करतो, विमान पडत नाही. पण याची एक वाईट बाजू आहे. एक प्लग मेल्यावर ताकद थोडीशीच कमी होते आणि ती पायलटला कळेलच असं नाही. बॅकअप चालू असतो, म्हणून मूळ बिघाड झाकला जातो. ज्यांनी सर्व्हर सांभाळलेत त्यांना हे अगदी ओळखीचं वाटेल. म्हणूनच पायलट उड्डाणाआधी जमिनीवर इंजिन जोरात फिरवून एक मॅग्नेटो बंद करतो, काट्याकडे बघतो, पुन्हा चालू करतो, मग दुसरा बंद करतो. फेऱ्या थोड्याशा उतरल्या तर ठीक. एका बाजूला इंजिन थरथरायला लागलं, फेऱ्या जास्त पडल्या, तर त्या बाजूचा प्लग किंवा मॅग्नेटो आजारी. हीच चाचणी आजही पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांत करतात.

आणि जोरात फिरवूनच का? कारण सिलिंडरमध्ये दाब वाढला की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. कमी फेऱ्यांवर अर्धमेला प्लगही ठिणगी देतो. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर, भरपूर हवा आत आल्यावर, तीच वीज हवेतून उडी मारण्यापेक्षा काजळीतून गळून जाणं पसंत करते. त्या काळी विमानाच्या प्लगांत इन्सुलेशनला अभ्रक सर्रास वापरायचे. अभ्रकाच्या पापुद्र्यांमध्ये तेल शिरलं की प्लग हळूहळू निकामी व्हायचा. म्हणजे बाजारात नीट चालणारी गाडी घाटातच मिसिंग मारते, तसं जमिनीवर गुरगुरणारं विमान नेमकं वर चढताना ताकद सोडतं. दोष प्लगचा असो की पेट्रोलचा, सीटवर बसलेल्या माणसाला दोन्ही सारखेच जाणवतात. फरक एवढाच की विमानात शिंग्रोबापाशी बाजूला घ्यायची सोय नाही.

इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकीरचा विमानतळ होता. जेआरडी तिथे उतरले तेव्हा अस्पींचं विमान तिथेच उभं होतं. प्लग निकामी झाले होते आणि जादा प्लग नव्हते. मागवलेले यायची वाट बघत ते अडकले होते. शर्यतीत समोरासमोरून येणारे दोन स्पर्धक, एकाकडे सामान आहे, दुसऱ्याकडे नाही.

जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले.

हे वाचायला सोपं वाटतं. पण हिशोब करून बघा. अबुकीरहून लंडनपर्यंत अजून भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने आणि युरोपावरून बरंच उडायचं होतं, त्याच प्रकारच्या इंजिनावर, ज्याचे प्लग असेच दगा देऊ शकत होते. जादा प्लग म्हणजे चैन नव्हती, परतीचा रस्ता होता. बक्षीस तर गेलंच असतं, पण त्याहून मोठी जोखीम ती होती. मनमोहन सिंग पोचले, पण एका महिन्याच्या मुदतीत बसले नाहीत. अस्पी कराचीला पोचले आणि त्यानंतर काही तासांनी जेआरडी लंडनजवळ क्रॉयडनला उतरले. बक्षीस अस्पींना मिळालं. हेच अस्पी इंजिनिअर पुढे १९६० ते १९६४ भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते. (त्याच १९३० च्या १ जूनला मुंबई–पुणे डेक्कन क्वीन सुरू झाली, विजेच्या इंजिनावर, आमच्या कर्जतवरून. तिला प्लगची चिंता नव्हती.)

मला या गोष्टीत त्यागापेक्षा दुसरंच काहीतरी दिसतं. जेआरडींकडे जादा प्लग होते. एवढ्या लांब एकट्याने निघताना काय बिघडेल याचा त्यांनी आधीच विचार केला होता. पुढे विमानसेवा चालवताना हीच सवय कामाला आली असं मला वाटतं.

नेव्हिल व्हिन्सेंट नावाचे ब्रिटिश हवाई दलातले माजी पायलट टपाल विमानाने न्यायची कल्पना घेऊन टाटांकडे आले होते. कराचीला लंडनहून टपाल यायचं, ते तिथून मुंबई आणि मद्रासला लवकर पोचवायचं. सर दोराबजी टाटा फारसे राजी नव्हते, त्यांचं मन वळवावं लागलं. भांडवल सुमारे २ लाख रुपये. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडींनी पस मॉथ विमान कराचीहून उडवलं, अहमदाबादला उतरून पेट्रोल घेतलं आणि जुहूला पोचले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून विमानापर्यंत आणले होते. जुहूहून व्हिन्सेंट पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला टपाल घेऊन गेले.

पस मॉथचं इंजिन उलटं बसवलेलं होतं, सिलिंडर खाली आणि क्रँकशाफ्ट वर. त्यामुळे पायलटला समोरचं नीट दिसायचं. पण उलट्या इंजिनात तेल उतरून सिलिंडरच्या डोक्याशी साचतं, आणि प्लग तर तिथेच असतात. म्हणजे प्लग तेलकट होण्याची पुन्हा तीच डोकेदुखी. अशा इंजिनावर वेळापत्रक चालवायचं म्हणजे बिघाड झाल्यावर दुरुस्ती करून भागत नाही, तो व्हायच्या आधी पकडावा लागतो. ठराविक तास झाले की प्लग काढायचे, टोकाचा रंग बघायचा. फिकट तपकिरी असेल तर तब्येत ठीक. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. चिकट ओलं तेल म्हणजे रिंगा किंवा गाइड झिजलेत. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी, इंजिन आतून भाजतंय. आजही बाइकचा प्लग काढून तुम्ही हे वाचू शकता, अ‍ॅप लागत नाही. फक्त इंजिन आधी गार होऊ द्या.

पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी भरायचं, मग सगळा पसारा पुण्याला हलायचा. १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात त्यांच्या विमानांनी सुमारे अडीच लाख किलोमीटर अंतर कापलं आणि १५५ प्रवासी नेले. सगळं एका-एका इंजिनावर.

पुढचं आयुष्य बहुतेकांना माहीत आहे. १९३८ मध्ये चौतिसाव्या वर्षी टाटा सन्सचे अध्यक्ष. १९४५ मध्ये टेल्को, आणि १९५४ मध्ये जर्मनीच्या डायम्लर-बेन्झशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात. बोरघाटातून पुढे हजारो ट्रक चढले ते याच वंशाचे. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान लंडनला गेलं, त्याला चार इंजिनं होती. १९५३ मध्ये सरकारने विमानसेवा ताब्यात घेतली. जेआरडींना हा निर्णय पटला नव्हता, तरी १९७८ पर्यंत ते एअर इंडियाचे अध्यक्ष राहिले. विमानातला चहा, पडदे, स्वच्छतागृहं, सगळ्यावर त्यांची नजर आणि लगेच चिठ्ठी. लोकांना हा खडूसपणा वाटायचा. मला त्यात प्लग काढून रंग बघणारा माणूस दिसतो.

१५ ऑक्टोबर १९८२ ला पहिल्या टपाल उड्डाणाला पन्नास वर्षं झाली. जेआरडी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. लेपर्ड मॉथ नावाचं तीसच्या दशकातलं विमान तयार केलं गेलं, त्यालाही एकच इंजिन, चार सिलिंडरचं उलटं जिप्सी मेजर, दोन मॅग्नेटो, आठ प्लग. त्या विमानाच्या वयाची मोटार घेऊन घाट चढायलाही लोक दोनदा विचार करतात. जेआरडी त्या विमानातून कराचीहून निघाले आणि जुन्याच मार्गाने येऊन दुपारनंतर जुहूला उतरले.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात ते गेले, आणि जिथे जन्मले त्या पॅरिसमध्येच त्यांचं दफन झालं.